वेलीचे पाठभेद

द्राक्षाची बी पेरली तर मातृवेलीसारखी वेल उगवत नाही. उगवते ती निराळीच. म्हणून जी जात टिकवायची तिची काडी कापून घ्यावी लागते आणि ती खुंटावर बांधावी लागते. अशा रीतीने द्राक्षाची प्रत्येक प्राचीन जात ही एक हस्तलिखित परंपराच ठरते. शतकानुशतके प्रतीवरून प्रत उतरत आलेली असते, आणि प्रत म्हटली की पाठभेद आलेच. कुठे एखाद्या वेलीत सूक्ष्म उत्परिवर्तन घडते, घड सैल होतो, साल जाड होते, आम्लता किंचित चढते. तीच काडी पुढे कोणी उचलली की तो भेद पुढच्या पिढीत जातो. उत्तर इटलीतील तेरोल्देगो या द्राक्षाचा अर्वाचीन इतिहास आम्हांस मननीय वाटतो तो याच कारणाने. तेथील एका कुटुंबाने आपली लाल वाइन सुधारण्यासाठी आधी वेलीची संहिता हाती घेतली.

त्रेंतो शहराच्या उत्तरेस, जिथे नोचे नदी डोंगरातून बाहेर पडते, तिथे 'कांपो रोतालियानो' नावाचे लहानसे पठारी मैदान आहे. सभोवती उभे कडे, खाली नद्यांनी आणून टाकलेले गोटे आणि वाळू. नोचेला हे मैदान वारंवार बुडवण्याची खोड होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचा प्रवाह वळवून आदिजे नदीला आणखी दक्षिणेकडे मिळवण्यात आला. तेरोल्देगोचे माहेर हेच. पंधराव्या शतकापासून या परिसरातील कागदपत्रांत हे नाव आढळते. ते 'तिरोलचे सोने' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून आले, ही लोकव्युत्पत्ती चटकदार असली तरी तिच्यावर फार भार देता येत नाही. ही कल्पना सुचण्याचे कारण मात्र स्पष्ट आहे. हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आणि १९१९च्या सँ-जर्मँ तहाने तो इटलीकडे आला.

विसाव्या शतकात या प्रदेशातील द्राक्षशेती बव्हंशी सहकारी तत्त्वावर उभी राहिली. लोरेंझो ग्वेत्ती या धर्मगुरूने १८९०मध्ये येथे पहिली सहकारी संस्था स्थापली होती. डोंगराळ भागातील अल्पभूधारकाला सहकाराने जगवले, हे निर्विवाद आहे. पण जिथे मोबदला मुख्यतः वजनावर ठरतो, तिथे शेतकरी कोणती काडी निवडणार हेही ठरून जाते. जास्त पीक देणारे क्लोन मळ्यांत पसरले, मांडव घडांनी लवू लागले, आणि वाइन पातळ होत गेली. १९७१मध्ये 'तेरोल्देगो रोतालियानो' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले खरे. परंतु कायदा नावाची सीमा आखतो, त्या नावाखालची विविधता जपण्याची हमी तो देत नाही.

मेझ्झोलोंबार्दो गावच्या फोरादोरी घराण्याचा मळा याच परिस्थितीत होता. वडील अकाली गेले, आईने मळा राखला, आणि सान मिकेले आल्लादिजे येथील कृषिसंस्थेत शिकून एलिसाबेत्ता फोरादोरी यांनी १९८४मध्ये विशीच्या उंबरठ्यावर कारभार हाती घेतला. (ती संस्था १८७४ची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या अमदानीतली.) तळघरातील यंत्रे बदलण्यापेक्षा त्यांनी एक मंद आणि किचकट काम पत्करले. जुन्या वेली हिंडून पाहायच्या, ज्यांचे घड लहान व सैल आहेत, ज्यांच्या फळांत चव एकवटली आहे, अशा अनेक वेलींच्या काड्या घ्यायच्या, आणि त्या सर्व मिसळून नवी लागवड करायची. याला 'सामूहिक निवड' म्हणतात. एका उत्तम वेलीच्या हजार प्रती काढणे आणि शंभर भिन्न वेलींचे वंश एकत्र नांदवणे, या दोन गोष्टींत मूलभूत अंतर आहे.

येथे पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची (१९१९ ते १९६६) आठवण होणे स्वाभाविक आहे. संपादकांनी पाठ निश्चित केला, पण नाकारलेले पाठही तळटीपांत जपले. म्हणूनच पुढच्या अभ्यासकाला वेगळा निर्णय घेता येतो. क्लोन ही तळटीपा गाळलेली आवृत्ती होय. मात्र साम्य इथेच संपते. वेलीच्या बाबतीत शोधून काढावी अशी 'मूळ संहिता' कुठेच नसते. पाठभेदांचा समुदाय हीच संहिता. तो नाहीसा झाला तर नाव उरते, जात उरत नाही.

१९८६ हे या कथेतील विलक्षण वर्ष. त्या वसंतात इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला, कित्येकांची दृष्टी गेली, आणि इटालियन वाइनवरचा जगाचा विश्वास कोसळला. त्याच वर्षीच्या पिकातून फोरादोरींची 'ग्रानातो' ही वाइन प्रथम निघाली. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरी बाटलीत काय आहे हे कोणाच्या शब्दावर मानायचे, हा प्रश्न त्या वर्षी साऱ्या इटलीपुढे होता; आणि आपल्या प्रत्येक वेलीची वंशावळ सांगू शकणारा मळा हे त्याचे एक उत्तर होते.

ग्रानातोने कीर्ती मिळवली. त्यानंतर, २००२मध्ये, फोरादोरी जैवगतिक शेतीकडे वळल्या. रुडोल्फ श्टायनर यांच्या १९२४च्या व्याख्यानांतून निघालेल्या या पद्धतीतील ग्रहनक्षत्रांचा भाग आम्हांस पटत नाही. परंतु तणनाशक नाही, रासायनिक खत नाही, शेणखत आणि ओळींमधले गवत मात्र आहे, हा तिचा व्यवहार पटण्याजोगा आहे. सेंद्रिय शेती म्हणजे निष्पाप शेती असेही नव्हे. नाशिक-सांगलीचे बागायतदार ज्याला केवडा म्हणतात त्या रोगावर युरोपातही मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रणच मारतात, आणि त्यातले तांबे मातीत साठत जाते. म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. शिवाय २०१२पर्यंत तेथील कायद्यात 'सेंद्रिय वाइन' ही संज्ञाच नव्हती. 'सेंद्रिय द्राक्षांची वाइन' एवढेच म्हणता येई. त्या वर्षीच्या नियमांनी लाल वाइनमधील सल्फाइटची मर्यादा लिटरला १५० मिलिग्रॅमवरून सेंद्रियासाठी १००वर आणली.

'स्गार्झोन' आणि 'मोरेई' या दोन मळ्यांची वाइन फोरादोरी स्पेनमधील मातीच्या रांजणांत सालींसकट सुमारे आठ महिने ठेवतात. लाकडाचा वास नाही, त्यामुळे दोन जमिनींतला फरक झाकला जात नाही. तेरोल्देगोचा रंग गडद जांभळा, आम्लता तरतरीत, तुरटपणा सौम्य. गडद रंगाच्या वाइनने जड असावे अशी आपली अपेक्षा असते. ती इथे मोडते. हिच्यातला डौल वरून चढवलेल्या अलंकाराचा नाही. थोडी आंबट, थोडी सुगंधी, थोडी उशिरा पिकणारी अशी अनेक फळे एकाच पिंपात उतरल्याने आलेला तो तोल आहे.

या इतिहासातील उपरोध शेवटी नोंदवला पाहिजे. ज्या मळ्याने तेरोल्देगोला प्रतिष्ठा दिली, त्याच्या बाटल्यांवर 'तेरोल्देगो रोतालियानो' ही संरक्षित संज्ञा आज नाही. 'विन्येती देल्ले दोलोमीती', म्हणजे दोलोमीतीचे द्राक्षमळे, हे ऐसपैस प्रादेशिक नाव आहे. अधिकृत नाव एकीकडे आणि जिवंत परंपरा दुसरीकडे, हा प्रकार वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. परंपरा टिकते ती तिचे नाव कोणाकडे आहे यावर नव्हे. तिचे पाठभेद कोण वाचतो, आणि पुढच्या हंगामासाठी काडी कोण कापून ठेवतो, यावर.