दुभाषी : ख्रिस्तसभेचा एक विस्मृत सेवक

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेंत मंदिराची पायाभरणी, वेदी, घंटा, आजवरचे धर्मगुरू व उदार देणगीदार यांचा वृत्तांत वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्ही येथें ज्याविषयीं लिहिणार आहों, त्याचें नांव कोणत्याही शिळेवर कोरलेलें आढळत नाहीं. दोन माणसें समोरासमोर उभीं आहेत, एकाचें बोलणें दुसऱ्यास उमगत नाहीं, आणि त्यांच्या मध्यें उभा राहून जो एकाचा शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तो दुभाषी. पेंटेकॉस्टच्या दिवशीं हें काम पवित्र आत्म्यानें स्वतः केलें. त्यानंतर मात्र तें बहुतेक आम्हां दुर्बळ माणसांवरच सोपविलें आहे, व आम्हीं तें कधीं चांगलें, कधीं वाईट, असें पार पाडिलें आहे.

हा विषय आमच्या मनांत कसा आला तें सांगतों. या धर्मग्रामांत आल्यावर दुसऱ्याच वर्षीं एका रात्रीं आम्हांस रुग्णालयांतून बोलावणें आलें. छोटानागपुराकडून इमारतीच्या कामावर आलेला एक कॅथलिक मजूर मरणासन्न होता. त्याची भाषा कुडुख. हिंदी त्यास मुकादमाच्या हुकुमापुरतीच येत होती. जवळ त्याची दहा वर्षांची मुलगी. ती शाळेंत जात असल्यामुळें तिला हिंदी चांगलें येई, म्हणून डॉक्टरांनीं तिलाच मध्यें घातलें, आणि दुखणें आतां उपायापलीकडे गेलें आहे, हें बापास सांगण्यास फर्माविलें. मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग बापाकडे वळून ती दोन वाक्यें बोलली, आणि बाप हंसला. तिनें काय सांगितलें तें आम्हांस मागाहून कळलें. परवां आपल्याला घरीं सोडणार आहेत, असें तिनें सांगितलें होतें.

त्यानंतर त्यानें आम्हांकडे पाहून पापनिवेदनाची, आपले लोक ज्याला कुमसार म्हणतात त्याची, इच्छा खुणेनें दाखविली. मध्यस्थ म्हणून त्या खोलींत मुलीवांचून दुसरें कोणी नव्हतें. बापाचीं पापें लेकीच्या तोंडून ऐकणें आम्हांस शक्य नव्हतें. आम्हीं तिला बाहेर पाठविलें. त्यानें छाती बडविली, क्रूसाचें चुंबन घेतलें, डोळे पुसले. आम्हीं पापमोचन दिलें. पहांटे तो वारला.

शास्त्रदृष्ट्या यांत कांहीं उणें राहिलें नाहीं. मुका असेल किंवा परभाषी असेल, त्यानें लेखानें, खुणेनें अथवा दुभाष्याच्या द्वारें पापें सांगितलीं तरी पुरे, कारण कोणाकडूनही त्याच्या शक्तीपलीकडे अपेक्षा करतां येत नाहीं, असें संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांत आहे. सेमिनरींत आम्हांस शिकविलें गेलें तें हेंच. इ. स. १९८३ च्या धर्मसंहितेचें ९९० वें कलम दुभाष्याच्या द्वारें पापनिवेदन करण्याची मोकळीक देतें. मात्र त्यांत गैरप्रकार व लोकापवाद घडूं नये अशी अट आहे. आणि ९८३ व्या कलमान्वयें असा दुभाषीही धर्मगुरूप्रमाणेंच गुप्ततेनें बांधलेला आहे. वाचकांनीं या कलमाचें महत्त्व ध्यानांत घ्यावें. ज्या कोठडींत राजासही शिरकाव नाहीं, तेथें ख्रिस्तसभेनें एका तिऱ्हाइताला येऊं दिलें, तें केवळ परक्याची भाषा धर्मगुरूस येत नाहीं म्हणून. आणि येऊं देतांना त्याच्या ओठांवर मोहोर लाविली.

परभाषिकांची सोय करणें ही कृपा आहे कीं कर्तव्य, या प्रश्नाचें उत्तर तर आठशें वर्षांपूर्वींच दिलें गेलें आहे. इ. स. १२०४ मध्यें लॅटिन सैन्यानें कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर एकाच नगरांत ग्रीक व लॅटिन असे भिन्न भाषेचे व भिन्न विधींचे ख्रिस्ती राहूं लागले होते. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनें आपल्या नवव्या कलमांत अशा ठिकाणच्या महागुरूंस स्पष्ट आज्ञा केली कीं, त्यांनीं ज्या त्या लोकांच्या विधीप्रमाणें व भाषेंत उपासना चालविणारे, साक्रामेंत देणारे व उपदेश करणारे योग्य पुरुष नेमावे. त्याच कलमांत दुसरीही एक गोष्ट आहे : एका नगरास दोन महागुरू नसावे, कारण एका धडास दोन डोकीं शोभत नाहींत. भाषा अनेक, मेंढपाळ एक, अशी ती व्यवस्था होती. लिहिणें सोपें, चालविणें अवघड. आणि त्या अवघडपणाचा खरा अनुभव आमच्याच या देशांत संत फ्रान्सिस झेवियर यांस आला.

झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले व त्याच वर्षीं तमिळ किनाऱ्यावरील परवा कोळ्यांकडे गेले. सोबतीस गोव्याच्या सेमिनरींत शिकलेले तीन तमिळ तरुण होते. तेथील लोकांस झेवियरांचें बोलणें कळेना, झेवियरांस त्यांचें कळेना. कारण त्यांची भाषा तमिळ आणि आपली बास्क, असें त्यांनीं स्वतःच पत्रांत लिहिलें आहे. मग दोन्ही भाषांत ज्यांना कांहीं गति होती अशा माणसांस त्यांनीं एकत्र बसविलें, आणि पुष्कळ दिवसांच्या कष्टानें प्रार्थना तमिळमध्यें उतरविल्या. त्या तोंडपाठ करून, हातांत घंटा घेऊन ते गल्लोगल्लीं फिरत व मुलांस गोळा करीत. आपल्याकडील चित्रांत घंटा हातीं घेतलेले झेवियर सर्वांनीं पाहिले आहेत. ज्या तमिळ माणसांनीं तो शब्द न् शब्द जुळवून दिला, ते मात्र चित्रांत कोठेंच नाहींत.

त्या भाषांतरांत एक चूक राहिली होती. विश्वासांगिकाराच्या आरंभीं ‘मी विश्वास धरतों’ याऐवजीं ‘मला पाहिजे’ अशा अर्थाचा शब्द पडला होता. झेवियरांस ती कळतांच त्यांनीं आपल्या सहकाऱ्यास पत्रानें कळवून शब्द बदलविला. संत म्हणून त्यांचे चमत्कार सांगितले जातात. पण आम्हांस तर ती एका ओळीची दुरुस्तीच त्यांच्या नम्रतेची मोठी खूण वाटते. दुभाषी नसलेल्या दिवसांविषयींही ते लिहितात. नवजात बालकांस बाप्तिस्मा देण्यास दुभाषी लागत नाहीं, आणि गरिबांची गरज तर दुभाष्यावांचूनही समजते.

जपानांतील प्रमाद याहून मोठा होता. अंजिरो नांवाच्या एका जपान्यास इ. स. १५४८ च्या पेंटेकॉस्टच्या सणास गोव्यांत बाप्तिस्मा मिळाला होता. त्यास घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजीं कागोशिमा बंदरीं उतरले. ‘परमेश्वर’ या शब्दास जपानी शब्द कोणता, असें विचारतां अंजिरोनें ‘दाइनिची’ हा शब्द सांगितला, आणि झेवियर दाइनिचीची उपासना करा असा उपदेश करीत सुटले. दाइनिची म्हणजे शिंगोन पंथाच्या बौद्धांचा महावैरोचन! त्या पंथाच्या भिक्षूंनीं त्यांचें आनंदानें स्वागत केलें यांत नवल नाहीं. इ. स. १५५१ मध्यें यामागुची येथें भिक्षूंस खोलवर प्रश्न विचारल्यानंतर झेवियरांस घोटाळा उमगला. त्यांनीं तो शब्द तत्काळ टाकला व ‘देउस’ हा लॅटिन शब्दच पुढें चालविला.

कित्येक लेखक अंजिरोस दोष देतात. आम्हांस तो न्याय वाटत नाहीं. तो कांहीं धर्मपंडित नव्हता; आपल्या देशांतील पंथांचे सूक्ष्म भेद त्यास कोणी शिकविले नव्हते. दोन भाषा बोलतां येतात एवढ्यावरून माणूस दुभाषी होत नाहीं, ही गोष्ट त्याला नेमणाऱ्यांनीं ओळखावयाची होती. त्या रात्रींच्या मुलीवर तरी आम्हीं सर्वांनीं दुसरें काय लादलें होतें?

या अनुभवांतून शहाणे झालेले लोकही होते. इ. स. १५४६ मध्यें हिंदुस्थानांत आलेले हेन्रिक हेन्रिकेस प्रथम दुभाष्याच्या आधारानेंच बोलत. मग त्यांनीं कसून तमिळ शिकून घेतली. त्यांचा तमिळ ‘तंबिरान वणक्कम’ इ. स. १५७८ मध्यें कोल्लम येथें छापला गेला, आणि दोनच वर्षांनीं कोची येथें पापनिवेदनाचें तमिळ पुस्तक निघालें. मध्यस्थावांचून पश्चात्ताप्यास आपल्या जिभेनें बोलतां यावें, हाच त्याचा हेतु होय. फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव तर मराठी वाचकांस सांगावयास नकोच. जन्मानें इंग्रज असलेला हा पुरुष इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. परंतु त्याच गोव्यांत २७ जून १६८४ रोजीं राजाज्ञा निघाली कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. पाहुण्यानें यजमानाची भाषा शिकावी हें ठीक. पण येथें पाहुणाच यजमानास त्याच्या घरांत मुका करूं पाहत होता!

एकोणिसाव्या शतकांत हाच प्रश्न समुद्रापलीकडे, अमेरिकेंत उभा राहिला. युरोपांतून लक्षावधि गरीब लोक तिकडे गेले. जर्मन स्थलांतरितांच्या साह्यार्थ पीटर पॉल काहेन्स्ली नांवाच्या व्यापाऱ्याच्या खटपटीनें इ. स. १८७१ मध्यें संत राफाएल मंडळी स्थापन झाली. इ. स. १८९१ मध्यें त्या पक्षानें परमगुरू तेरावे लिओ यांस निवेदन दिलें कीं, ज्या त्या भाषिकांस स्वतंत्र धर्मग्राम व शाळा असाव्या आणि महागुरूंतही त्यांचे प्रतिनिधि असावे. बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स व त्यांचे सहकारी यांनीं कडाडून विरोध केला. अखेर भाषावार धर्मग्राम राहिले, भाषावार महागुरू झाले नाहींत. जुन्या लॅटरन कलमाचाच हा निकाल म्हणावयाचा.

इटालियन लोकांची स्थिति याहून हलाखीची. न्यूयॉर्कमधील कित्येक मंदिरांत वरच्या मजल्यावर इंग्रजी जाणणाऱ्यांची मिस्सा होई आणि इटालियनांची तळघरांत! हें वाचून आम्हीं अमेरिकेस नांवें ठेवण्यास आरंभ केला होता. तोंच आठवलें कीं आमच्या येथेंही परप्रांतीयांची मिस्सा दुपारीं दोन वाजतां, पंखे नसलेल्या जुन्या हॉलांत होत असे. अशा इटालियनांसाठीं पिआचेंझाचे महागुरू स्कालाब्रिनी यांनीं इ. स. १८८७ मध्यें मिशनऱ्यांची एक संस्था काढिली. इ. स. २०२२ मध्यें त्यांस संतपद मिळालें. मदर काब्रिनी यांची इच्छा चीनला जाण्याची होती; परमगुरूंनीं त्यांस पूर्वेस नव्हे, पश्चिमेस धाडिलें. इ. स. १८८९ मध्यें त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि इ. स. १८९२ मध्यें तेथें कोलंबस रुग्णालय उघडलें गेलें. तेथें इटालियन रोग्यास आपलें दुखणें आपल्याच भाषेंत सांगण्याची सोय झाली. पुढें १ ऑगस्ट १९५२ रोजीं परमगुरू बारावे पायस यांनीं स्थलांतरितांविषयींच्या शासनपत्रांत त्यांस स्वभाषेचे धर्मगुरू मिळण्याची रीतसर व्यवस्था लावून दिली.

सरकारांसही हें हळूहळू पटत गेलें. ऑस्ट्रेलियांत इ. स. १९७३ मध्यें सिडनी व मेलबर्न येथें टेलिफोनवरून दुभाषी पुरविण्याची सेवा सुरू झाली. या धंद्याचे आजचे नियम असे आहेत : दुभाष्यानें पदरचें घालूं नये, ऐकलेलें गाळूं नये, कोठें बोलूं नये, आणि घरच्या मुलांस या कामीं जुंपूं नये.

त्या मजुराच्या अंत्यविधीस फार माणसें नव्हतीं. विधि संपल्यावर मागच्या बाकावरची एक बाई उठून पुढें आली, मुलीजवळ बसली, आणि तिच्याच भाषेंत तिच्याशीं बोलूं लागली. मुलगी त्या रात्रीपासून प्रथमच रडली. ही बाई आमच्या वस्तींत घरकाम करी. सहा वर्षें ती आमच्या मिस्सेस येत होती, आणि तिचें घर त्या रुग्णालयापासून पायीं दहा मिनिटांवर होतें. तिची भाषा कोणती, हें आम्हीं किंवा आमच्यापूर्वींच्या कोणीही तिला विचारलें नव्हतें.

तेव्हांपासून वस्त्रागारांत एक वही ठेविली आहे. धर्मग्रामांत कोणास कोणती भाषा येते, तो कोठें राहतो, व रात्रीं बोलाविलें तर येईल काय, एवढेंच तींत लिहिलें जातें. पहिलें नांव त्या बाईंचें आहे. तें त्यांनीं स्वतः लिहिलें, आणि शेवटच्या रकान्यांत ‘होय’ असें मराठींत लिहिलें.