रामबाम यांचा प्रश्न आणि ‘रक्तातला दोष’



अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली उघडलेल्या सिनेगॉगला रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजेच रामबाम, यांचे नाव दिले आहे. रामबाम धर्मशास्त्राचे आचार्य होते, तसेच निष्णात वैद्यही होते. बाराव्या शतकात मिसर देशात वैद्यकी करीत असता त्यांनी मधुमेहाविषयी एक निरीक्षण लिहून ठेवले. प्राचीन वैद्य गॅलेन यांच्या पाहण्यात या व्याधीचे दोनच रोगी आले होते. रामबाम यांना पश्चिमेकडील मघरिबात एकही आढळला नाही. मिसरात मात्र सुमारे दहा वर्षांत त्यांनी वीसाहून अधिक रोगी पाहिले. याचे कारण उष्ण हवा असेल, किंवा नाईलचे गोड पाणी असेल, असा त्यांनी तर्क केला. तर्क काळाच्या कसोटीस उतरला नाही, प्रश्न मात्र आजही जिवंत आहे: एकच व्याधी एका लोकसमूहात विरळ आणि दुसऱ्यात विपुल का असावी?

मधुमेह एकच नव्हे, ही जाण आपल्या देशात जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सहज, म्हणजे जन्माबरोबर येणारा, आणि अपथ्यामुळे होणारा, असे दोन भेद सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकात हा भेद १९३६ साली हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी प्रयोगाने दाखविला. आज ज्यास टाइप वन म्हणतात, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. तो बहुधा बालपणी किंवा तरुणपणी प्रकट होतो. १९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिनचे पहिले उपचार झाले. तोपर्यंत असे मूल फार काळ जगत नसे.

१९७० च्या दशकात या रोगाचा आनुवंशिक धागा सापडला. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए नावाची जनुके शरीराच्या रक्षकपेशींना आपले व परके ओळखण्यास साहाय्य करतात. त्यांतील डीआर-३ व डीआर-४ या खुणा युरोपीय रुग्णांत वारंवार आढळल्या. उत्तर भारतीय रुग्णांत डीआर-३ ला प्राधान्य दिसले, तर जपानी रुग्णांत डीआर-९ ची खूणही महत्त्वाची ठरली. यहुदी लोकांतही सर्वत्र एकच प्रमाण नाही. इस्राएलमधील नोंदींत येमेनी मूळ असलेल्या मुलांत हा रोग इतर बहुतेक यहुदी गटांपेक्षा अधिक आढळला.

एवढ्यावरून ‘रोग रक्तातच आहे’ असा निकाल देणे मात्र घाईचे ठरेल. फिनलंडमध्ये या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. त्याच्या सीमेपलीकडील रशियन कारेलियात एचएलए खुणा जवळपास तशाच असूनही तेथे प्रमाण सुमारे सहापट कमी आढळले. कुवेतमध्ये नव्वदीच्या दशकापासून पुढील वीस वर्षांत मुलांमधील नवे रुग्ण दुपटीहून वाढले. इतक्या थोड्या काळात कोणत्याही समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलते ती राहणी आणि परिस्थिती. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकास हा रोग झाला, तरी दुसऱ्यास तो होतोच असे नाही.

संयुक्त अरब अमिरातीत हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. येथील मूळ नागरिकांच्या वंशात अरबस्तान, इराण, बलुचिस्तान, पूर्व आफ्रिका आणि हिंदुस्थान यांचे धागे मिसळले आहेत. समुद्री व्यापाराचा हा वारसा आहे. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. त्यात आज देशोदेशींच्या रहिवाशांची भर पडली आहे. परक्या समाजावरून काढलेली अनुमाने येथे जशीच्या तशी लागू पडतील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच दहा लक्ष नमुन्यांचे उद्दिष्ट ठेवून अमिराती जीनोम प्रकल्प चालविला जात आहे. हीच अडचण पुण्यासही जाणवली. युरोपीय माहितीवर बेतलेले टाइप वनचे जनुकीय गुणांकन पुण्याच्या केईएम रुग्णालयातील रुग्णांवर तपासून पाहिले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते उपयुक्त ठरले, परंतु भारतीयांसाठी त्यात सुधारणेस वाव आहे, असेही दिसले.

जानेवारी २०२५ पासून अमिराती नागरिकांस विवाहापूर्वी जनुकीय तपासणी बंधनकारक झाली आहे. तिचा रोख मुख्यतः थॅलेसेमियासारख्या, एकाच जनुकातील दोषाने होणाऱ्या रोगांवर आहे. टाइप वन त्या जातीचा रोग नाही. आई किंवा वडिलांस तो असला, तरी शंभर अपत्यांपैकी नव्वदांहून अधिक त्यापासून मुक्त राहतात. आणि नव्याने रोग जडलेल्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात तो कोणासही नसतो.

हे आपण बेने इस्राएलांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावे. वंशाच्या शुद्धतेचा प्रश्न आपल्यापुढे इस्राएलात विवाहाच्याच निमित्ताने उभा केला गेला होता, आणि १९६४ साली त्याचा निवाडा होईपर्यंत आपल्या माणसांनी अपमान सोसला. तोच मापदंड आपण आपल्या लेकरांना लावू नये. इन्सुलिन घेणाऱ्या मुलीची सोयरीक मोडणे, किंवा तिचा आजार लपवून ती जुळविणे, दोन्ही अन्यायच होत. लपविलेल्या आजारात सुई वेळेवर टोचली जात नाही, शाळेस कळविले जात नाही, आणि साखर एकाएकी उतरली तर जवळच्या माणसास काय करावे ते उमगत नाही. रामबाम यांनी पाहिलेल्या रुग्णांच्या नशिबी इन्सुलिन नव्हते. आपल्या मुलांस ते उपलब्ध आहे. ते उघडपणे, निःशंक मनाने घेता येईल असे घर आणि अशी जमात त्यांना देणे आपल्या हाती आहे.