अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या चिकट का होतात? मुळशीच्या हवेत घ्यायची काळजी

पौड, पिरंगुटपासून ताम्हिणीच्या तोंडापर्यंत कुठल्याही मशिदीच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत दिसतेच. गुडघे दुखणारे बुजुर्ग त्यांच्यावर बसून नमाज अदा करतात. जनाज्याला आलेली माणसं त्यांच्यावरच टेकतात, निकाहला आणि इफ्तारीला त्याच बाहेर निघतात. कितीतरी खुर्च्या कुणीतरी मरहूम आई-वडिलांच्या इसाले-सवाबसाठी दिलेल्या असतात. आणि तक्रारही ठिकठिकाणी एकच: 'यूव्ही' म्हणून घेतलेली, चांगल्या किमतीची खुर्ची दोन-तीन वर्षांत हाताला चिकट लागायला लागते. पांढरा कुर्ता घालून बसलं की पाठीवर काळपट पट्टा उमटतो. मग जमातीत ठरतं, माल खराब निघाला, नवीन आणा.

बहुतेक वेळा माल खराब नसतो. चिकटपणा बाहेरून आलेला असतो आणि आपल्या धुण्या-ठेवण्याच्या सवयींनी वाढलेला असतो. मशिदीचा पैसा ही अमानत आहे, तेव्हा नव्या खुर्च्यांची वर्गणी काढण्याआधी हे एकदा तपासून घ्यावं.

'यूव्ही'चा अर्थ काय

या खुर्च्या बहुतांशी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या असतात. एका साच्यात, एका दमात ओतलेल्या अशा खुर्चीचं जगभर पसरलेलं रूप 1972 साली फ्रान्सच्या हेन्री मॅसोने यांनी आणलं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, हलकं आणि पाण्याला न दबणारं आहे, पण उन्हापुढे कमजोर. उन्हातले अतिनील किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि ही तुटातूट पुढे पुढे सरकत जाते. ती थोपवण्यासाठी कारखान्यात प्लास्टिकमध्ये स्टॅबिलायझर मिसळतात. त्याचं प्रमाण फार थोडं, साधारण हजारात एक ते पाच भाग. हाच तो 'यूव्ही' माल.

म्हणजे 'यूव्ही' हा शब्द उन्हाबद्दल बोलतो, चिकटपणाबद्दल नाही. तेल, साखर, साबण, धूळ यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं म्हणजे, उन्हाने मेलेलं पॉलिप्रॉपिलीन सहसा चिकट होतच नाही. ते फिकटतं, हाताला पांढरी भुकटी लागते, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस पाय मोडतो. चिकट खुर्ची आणि भुकटी सोडणारी खुर्ची, ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिली धुवून बरी होते, दुसरी होत नाही.

आधी ओळखा, मग घासा

खुर्ची उलटी करा. वरची बाजू चिकट आणि बसायच्या जागेची खालची बाजू कोरडी, म्हणजे चिकटा वरून आला: झाडाचा, हाताचा, खाण्याचा. दोन्ही बाजू सारख्याच मेणचट लागत असतील तर प्लास्टिकमध्ये घातलेला एखादा पदार्थ आतून वर येतोय. धूळ बसू नये म्हणून मालात जे स्थिर-विजेविरोधी पदार्थ घालतात, त्यांचं कामच पृष्ठभागावर येऊन हवेतला ओलावा धरणं हे असतं. नवीन खुर्चीला पहिल्या पावसाळ्यात असा थर जाणवला तर घाबरू नये. साबणाने दोन-तीनदा धुतल्यावर तो कमी होतो.

मग ओलं पांढरं फडकं फिरवून बघा. पिवळट, तेलकट डाग आला तर तेल. काळा आला तर धूळ किंवा बुरशी. पांढरी पूड आली तर ऊन. नख लावून बघा: रबरासारखा थर सुटून येत असेल तर तो प्लास्टिकचा नाही, वरून दिलेल्या रंगाचा, स्टिकरच्या गोंदाचा किंवा रेक्झिनच्या गादीचा आहे.

आपल्याकडे चिकटा येतो कुठून

पहिलं नाव आंब्याचं. मशिदीच्या अंगणात सावलीसाठी आंब्याचं झाड असतं आणि त्याखालीच खुर्च्या मांडल्या जातात. मोहोर आला की तुडतुडे येतात. ते झाडाचा रस पितात आणि साखरेसारखा गोड चिकटा खाली टाकतात. त्यावर धूळ बसते, पुढे काळी बुरशी धरते. सध्या काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतोय, म्हणजे नेमका मोहोराच्या दिवसांत. इफ्तारीला झाडाखाली खुर्च्या लावल्या आणि तशाच रात्रभर सोडल्या की सकाळी हात लावून बघा. हा चिकटा ताजा असेल तर नुसत्या कोमट पाण्याने निघतो. महिनाभर राहिला तर मात्र मनगट दुखेपर्यंत घासावं लागतं.

दुसरं, आपण स्वतः. सरबताचे थेंब, खजुराचा हात, बिर्याणीचा तूप-तेलकट हात, डोक्याचं तेल, अत्तर. स्वस्त अत्तरात पातळ करायला जे द्रव घालतात ते लवकर उडून जात नाहीत, हातातून खुर्चीच्या हातावर येतात आणि तिथेच बसतात. म्हणून चिकटपणा सगळ्यात आधी खुर्चीच्या हातांवर आणि पाठीच्या वरच्या कडेवर जाणवतो. साखर हवेतला ओलावा ओढते, आणि मुळशीत ओलाव्याला तोटा नाही. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साधारण 700 च्या आसपास पडतो. अशा हवेत उन्हाळ्यात सुकून बसलेला सरबताचा डाग जूनमध्ये पुन्हा ओला होतो. लोक म्हणतात, 'पावसाळ्यात खुर्च्या चिकटतात.' खरं तर चिकटा एप्रिलपासून तिथेच असतो.

तिसरं कारण साबण. हे कुणाला पटत नाही. बादलीत मूठभर पावडर टाकायची, फडकं मारायचं आणि एका तांब्यात उरकायचं, ही आपली पद्धत. न निघालेला साबण सुकून थर होतो आणि तोच पुढची धूळ धरतो. जास्त साबणापेक्षा जास्त पाणी कामाचं.

आणि चौथं, चमक आणण्याचा शौक. फिकट झालेल्या खुर्चीला खोबरेल तेल, रॉकेल किंवा गाडीचं पॉलिश चोळलं की दोन दिवस ती नव्यासारखी दिसते. मग त्या तेलावर धूळ बसते. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर त्याहून वाईट. पॉलिप्रॉपिलीन अशा द्रवांत फुगतं आणि आतला स्टॅबिलायझर ओढला जाऊन बाहेर येतो. ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच आपण फडक्याने पुसून टाकतो. जमातीचं नाव ऑइल पेंटने लिहिण्याचंही तसंच आहे. पॉलिप्रॉपिलीनवर तो रंग नीट धरत नाही, दमट हवेत कच्चा राहतो, आणि चळतीतल्या खुर्च्या एकमेकींना चिकटतात. नाव हवंच असेल तर तापवलेल्या शिक्क्याने खालच्या बाजूला उमटवून घ्यावं.

फ्लेक्सचं झाकण नको

यावर जरा थांबून सांगायला हवं, कारण गावोगाव हेच दिसतं. उरुसाचा, ईद मुबारकचा किंवा निवडणुकीचा जुना फ्लेक्स खुर्च्यांवर टाकायचा आणि दोरी बांधायची. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो, आणि तो उन्हाच्या तापाने, दाबाने हळूहळू बाहेर येतो. फ्लेक्सच्या घडीखाली खुर्ची महिनाभर दबून राहिली की ज्या कडेला तो टेकला तिथेच चिकट पट्टा येतो, कधी छपाईचा रंगही उतरतो. रेक्झिनच्या गाद्या आणि पीव्हीसीच्या चटया खुर्चीवर कायमच्या बांधून ठेवल्या तरी हेच होतं. गादी बुजुर्गांसाठी लागतेच. ती कापडाच्या खोळीत घाला आणि नमाजनंतर काढून ठेवा.

झाकायला जुनी चादर किंवा विणलेली ताडपत्री चालते, पण खालून वारा खेळला पाहिजे. चळत ओली असताना कधीच लावू नका. दोन खुर्च्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी मुळशीत जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभरही सुकत नाही, तिथे शेवाळ धरतं. शेवाळ चिकट नसतं, निसरडं असतं. उठताना खुर्चीच्या हातावर भार टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ते चिकट्यापेक्षा धोक्याचं.

धुण्याची रीत

10 लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे पुरे. मऊ कापड किंवा स्पंज घ्या. तारेची घासणी नको, तिच्या चऱ्यांत मळ कायमचा घर करतो. आधी साधं पाणी मारून धूळ काढा, मग साबण, पाच मिनिटं थांबा, मग दोनदा स्वच्छ पाणी. सावलीत उलट्या ठेवून सुकवा. स्टिकरच्या गोंदावर खोबरेल तेलाचा बोट फिरवून अर्धा तास ठेवा, गोंद सुटला की ते तेल साबणाने पूर्ण काढा. उरलेल्या डागाला सॅनिटायझर चालतं.

संडासाचं ॲसिड खुर्चीला लावू नये. आजचा बराचसा स्टॅबिलायझर ॲसिड, गंधक आणि क्लोरीनपुढे दुबळा पडतो. पॉलिहाऊसमध्ये फुलशेती करणाऱ्यांना हे ठाऊक असतं: गंधकाची धुरी दिली की वरचा प्लास्टिक कागद लवकर जातो. बुरशीसाठी ब्लीच वापरायचंच झालं तर अगदी पातळ करून, दहा मिनिटांत धुवून टाकायचं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीच करू नका, विषारी वायू निघतो. वुजूखान्यासारख्या बंद जागेत तर मुळीच नाही.

हे सगळं दर महिन्याला करायची गरज नाही. मोहोर संपल्यावर एकदा, पावसाआधी एकदा, दिवाळीच्या सुमारास पाऊस गेल्यावर एकदा. ईद आणि उरुसानंतर फक्त हात आणि पाठ पुसून घ्या, त्याच दिवशी. मकतबची मुलं हे काम तासाभरात हसत-खेळत करतात.

नवीन घेताना

गडद रंग घ्या. काळ्या रंगातली काजळी स्वतःच किरण अडवते, म्हणून काळी खुर्ची उन्हात टिकायला सगळ्यात चांगली, फक्त मे महिन्यात चटका देते. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या मालात कशात काय मिसळलंय ते सांगता येत नाही, वास आणि मेणचटपणा तिथून येऊ शकतो. बिलावर 'यूव्ही' आणि हमीची मुदत लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

जुन्यांपैकी ज्या पांढरी पूड सोडतात, ज्यांच्या पायाच्या सांध्यात केसासारखी चीर दिसते, त्या नमाजच्या सफेतून आजच काढा. त्या धुवून सुधारत नाहीत आणि बसणाऱ्याला इशारा न देता मोडतात. दुसऱ्या कुणी उचलून वापरू नयेत म्हणून एक पाय कापूनच भंगारवाल्याला द्या. खाली त्रिकोणात 5 आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला भाव मिळतो. तो पैसा मशिदीच्या वहीत जमा करून घ्या.