जनरल जगन्नाथराव भोसले : सेनापतीपदाकडून मंत्रिपदाकडे

मुंबईत मंत्रालयाकडून नरिमन पॉइंटच्या दिशेने जाताना लागणाऱ्या एका रस्त्याचे नाव जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग असे आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची वास्तू याच रस्त्यावर आहे. प्रतिष्ठानच्या पत्त्यात हे नाव हजारो वेळा लिहिले जाते. मात्र हे जनरल कोणत्या सैन्याचे, असे विचारल्यास फारच थोड्यांना उत्तर देता येईल. भारतीय लष्कराच्या सेनाधिकाऱ्यांच्या यादीत हे नाव सापडत नाही. ते होते आझाद हिंद सेनेचे मेजर जनरल आणि पुढे स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारातील उपमंत्री. गणवेश उतरवून मंत्रिपदावर आलेल्या मराठी माणसाचे हे उदाहरण अनेक अर्थांनी विचार करण्याजोगे आहे.

सावंतवाडी ते सिंगापूर

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. डेहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजात आणि त्यानंतर इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे त्यांचे लष्करी शिक्षण झाले. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ साली सुरू होईपर्यंत 'किंग्ज कमिशन' मिळविण्यासाठी हिंदी तरुणांना सँडहर्स्टलाच जावे लागे. तेथील जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत. कोकणातल्या एका लहान गावातून त्या रांगेत पोचणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी युद्धकैद्यांना जपान्यांच्या ताब्यात देण्यात आले. तेथूनच कॅप्टन मोहनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली आझाद हिंद सेना आकाराला आली. जपान्यांशी मतभेद होऊन डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंग यांना अटक झाली आणि ही सेना विस्कळीत झाली. विखुरलेले सैन्य पुन्हा बांधण्यासाठी रासबिहारी बोस यांच्या देखरेखीखाली १९४३ च्या आरंभी 'मिलिटरी ब्युरो' स्थापन झाला. त्याचे संचालकपद लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्याकडे आले. महंमद झमान कियानी आणि शाहनवाझ खान हे या फेररचनेतील त्यांचे सहकारी होते.

जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले, तेव्हा त्यांच्या स्वाधीन करता येईल अशी सेना उभी होती. तिच्या जुळवाजुळवीत भोसले यांचा वाटा मोठा होता. मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तो अभावानेच नोंदला जातो. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. युद्ध खाते नेताजींनी स्वतःकडे ठेवले. सैन्याचे प्रतिनिधी म्हणून मंत्रिमंडळात घेतलेल्या अधिकाऱ्यांत भोसले यांचा समावेश होता. पुढे ते मेजर जनरल झाले. आघाडीवर लढणाऱ्या सेनानीपेक्षा मुख्यालयातून सैन्य चालविणारा अधिकारी अशी त्यांची भूमिका राहिली. १९४४ ची इंफाळ मोहीम फसली, पुढच्या वर्षी जपानने शरणागती पत्करली आणि भोसले इतर अधिकाऱ्यांबरोबर ब्रिटिशांचे कैदी झाले.

लष्कराचे दार बंद

लाल किल्ल्यातील पहिल्या खटल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. परंतु देशभरातील लोकक्षोभ पाहून सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती रद्द केली. आझाद हिंदच्या इतर अधिकाऱ्यांचीही पुढे सुटका झाली. देशाने त्यांना डोक्यावर घेतले. असे असूनही स्वातंत्र्यानंतर त्यांना भारतीय लष्करात परत घेण्यात आले नाही.

या निर्णयाबद्दल आजही दोन मते आहेत. ज्यांनी देशासाठी सर्वस्व पणाला लावले त्यांनाच देशाच्या सैन्यात जागा नसावी, हा अन्याय आहे, असे एक मत. दुसरे मत असे, की युद्धकाळात परस्परांविरुद्ध उभे ठाकलेले अधिकारी एकाच भोजनगृहात बसविले असते, तर सेवाज्येष्ठता आणि निष्ठा या प्रश्नांनी लष्कर आतून पोखरले गेले असते. फाळणीच्या आणि काश्मीरच्या संकटात सरकारने दुसऱ्या मताला वजन दिले. स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना येण्यास १९७२ साल उजाडावे लागले.

भोसले यांच्यासमोर मग एकच सार्वजनिक मार्ग उरला, तो मतपेटीचा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्रिपद मिळाले. त्यांचे सहकारी शाहनवाझ खान हेही खासदार आणि उपमंत्री झाले. त्यांच्याकडे रेल्वे खाते आले. दोन्ही जनरल सरकारात होते, पण संरक्षण खाते दोघांपैकी कोणालाही मिळाले नाही.

निर्वासित मुलांची कवायत

पुनर्वसन खात्यापुढे तेव्हा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या लाखो निर्वासितांचा प्रश्न होता. छावण्यांत वाढणारी, आईवडील किंवा घर गमावलेली मुले हा त्यातील सर्वांत नाजूक भाग. या मुलांसाठी भोसले यांनी १९५४ साली दिल्लीतील कस्तुरबा निकेतन येथून 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली. व्यायाम, कवायत, समूहगीते आणि नागरिकत्वाचे शिक्षण असे तिचे स्वरूप होते. पुढे ती अनेक राज्यांतील शाळांत गेली. साठच्या दशकात शाळेत असलेल्या पिढीतील कित्येकांना 'एन. डी. एस.'चे शिक्षक आणि मैदानावरील त्यांच्या शिट्ट्या अजून आठवत असतील. १९५९ साली नेमलेल्या पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने शाळांतील अशा निरनिराळ्या योजनांचे एकत्रीकरण सुचविले. त्यानुसार ही योजना नंतर राष्ट्रीय स्वास्थ्य दलात विलीन झाली. १९६३ साली भोसले यांचे निधन झाले.

शेजारी आणि पोलंड

भोसले यांची वाटचाल समजून घेण्यासाठी त्याच काळात इतरत्र काय घडत होते, हे पाहणे उपयुक्त ठरते. पाकिस्तानात जनरल अयूबखान हे सरसेनापतीपदावर असतानाच १९५४ साली संरक्षणमंत्री झाले. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी लष्करी कायद्याखाली संपूर्ण सत्ताच हाती घेतली.

साम्यवादी पोलंडमध्ये जनरल वोइचेख यारुझेल्स्की १९६५ साली लष्कराचे प्रमुख आणि १९६८ साली संरक्षणमंत्री झाले. फेब्रुवारी १९८१ मध्ये पंतप्रधानपद आणि त्याच वर्षी पक्षाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. १३ डिसेंबर १९८१ रोजी त्यांनी लष्करी कायदा पुकारून 'सॉलिडॅरिटी' ही कामगार चळवळ चिरडण्याचा प्रयत्न केला. सोव्हिएत आक्रमण टाळण्यासाठी आपण कमी वाईट पर्याय निवडला, असा त्यांचा अखेरपर्यंत दावा होता. २०१४ साली त्यांचे निधन झाले, तरी त्यावरचा वाद पोलंडमध्ये मिटला नाही. महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक दूरचा धागाही जुळतो. यारुझेल्स्की कुटुंबाप्रमाणेच सोव्हिएत संघात हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार लोकांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रय मिळाला होता.

भारतातील वेगळी वाट

ब्रिटिश अमदानीत भारताचा सरसेनापती हाच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा युद्धविषयक सदस्य असे. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात हे खाते सरदार बलदेवसिंग यांच्याकडे आले आणि ती प्रथा संपली. तेव्हापासून एकही माजी जनरल भारताचा संरक्षणमंत्री झालेला नाही. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये हे खाते सांभाळण्यास बोलाविले गेले ते यशवंतराव चव्हाण यांना. ते वकील होते, सैनिक नव्हते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला या इतिहासाचे कौतुक वाटावे. घोडनदीकाठचे शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारची लष्करी छावणी होते. तेथे सेनाधिकाऱ्याचा शब्द हाच कायदा होता. शेजारचा दौंड तालुका ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो, तेथे १९९१ साली वेगळे दृश्य दिसले. शरद पवार केंद्रात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा ते संसदेचे सदस्य नव्हते. अजित पवार यांनी बारामतीची जागा रिकामी केली आणि पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत गेले. देशाच्या सैन्याचा कारभार पाहणाऱ्याला दौंडच्या शेतकऱ्याकडे मत मागावे लागले. शिरूरची छावणी आणि ही पोटनिवडणूक यांच्यामधले अंतर म्हणजेच भारतीय लोकशाहीची कमाई.

जनरल भोसले यांच्यावर अन्याय झाला की नाही, याचा निवाडा इतिहासकार करतील. परंतु लष्कराने दार लावल्यावर त्यांनी सैन्याच्या बळाचा विचार केला नाही. ते रत्नागिरीच्या मतदाराकडे गेले आणि मिळालेल्या लहान पदावर निर्वासित मुलांसाठी काम करीत राहिले. मंत्रालयाजवळच्या त्या रस्त्यावरून जाताना पाटीवरील नावाकडे क्षणभर पाहावे, एवढे तरी त्यांचे ऋण आपल्यावर आहे.