मोहमदी, नसरीन

(१९३७–१४ मे १९९०). अमूर्त रेखाटनाला स्वतंत्र कलाकृतीचे मोल देणाऱ्या भारतीय चित्रकर्त्री व कलाशिक्षिका. जन्म कराची येथे. बालपणीच कुटुंब मुंबईस आले. लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये व पुढे पॅरिस येथे शिक्षण. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांत निसर्गाच्या खुणा दिसतात. १९७० नंतरच्या दशकात मात्र त्यांनी रंग व आकृती जवळजवळ वर्ज्य केल्या. शाई व पेन्सिल ही दोन माध्यमे एकाच कागदावर योजून, यांत्रिक रेखनाच्या उपकरणांनी काढलेल्या समांतर व तिरप्या रेषांतून त्यांनी रचना साधल्या. शाईची रेषा ठाम, तर पेन्सिलीची पुसट. या भेदामुळे सपाट कागदावर अंतर व प्रकाश यांचा प्रत्यय येतो. बहुतेक रेखाटनांना त्यांनी शीर्षक दिले नाही. अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या विकारामुळे शरीरावरील ताबा सुटत गेला, तरी रेषेचा काटेकोरपणा ढळला नाही. त्यामुळे या रेखाटनांतील नेमकेपणा केवळ उपकरणांचा नसून कठोर आत्मसंयमाचा ठरतो. किहीम (जि. रायगड) येथे त्यांचे निधन झाले.