इम्युनोॲक्ट

इम्युनोॲक्ट (पूर्ण नाव: इम्युनोॲडॉप्टिव्ह सेल थेरपी प्रायव्हेट लिमिटेड) ही मुंबई येथील जैवतंत्रज्ञान कंपनी आहे. रुग्णाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखण्यास व नष्ट करण्यास समर्थ करणारी ‘कार-टी पेशी उपचारपद्धती’ हे तिचे कार्यक्षेत्र होय. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) येथील संशोधनातून २०१८ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने विकसित झालेली तिची ‘नेक्सकार-१९’ ही उपचारपद्धती भारतात मान्यता मिळालेली पहिली कार-टी उपचारपद्धती ठरली.

पार्श्वभूमी

रक्तातील टी पेशी शरीरात शिरलेले रोगजंतू व रोगग्रस्त पेशी यांचा नाश करतात. कर्करोगाची पेशी मात्र मूळची शरीराचीच असल्याने ती अनेकदा टी पेशींच्या नजरेतून सुटते. यावर उपाय म्हणून इस्रायली शास्त्रज्ञ झेलिग एशहार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टी पेशीवर कृत्रिम ग्राही बसविण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. हा ग्राही भिन्न प्रथिनांचे भाग जोडून तयार होतो, म्हणून त्याला ‘कायमेरिक अँटिजन रिसेप्टर’ असे नाव पडले. ‘कार’ हे त्याचेच संक्षिप्त रूप होय.

२०१२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालिकेवर हा उपचार यशस्वी झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या ‘किमराया’ या उपचारपद्धतीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिची किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये होती. रुग्णालयाचा खर्च त्याहून वेगळा होता. भारतातील बहुतेक रुग्णांना हा उपचार परवडण्यासारखा नव्हता.

स्थापना

आयआयटी मुंबईच्या जीवशास्त्र व जैवअभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक राहुल पुरवार यांनी अमेरिकेतून परतल्यानंतर २०१३ पासून या विषयावर संशोधन सुरू केले. अलका द्विवेदी व अथर्व करुलकर हे त्यांचे विद्यार्थी या कामात सहभागी होते. परदेशी तंत्रज्ञान विकत न घेता ग्राहीची रचना, जनुक वाहून नेणारा विषाणू व पेशींचे उत्पादन हे सर्व टप्पे देशातच सिद्ध करावेत, असे या गटाचे धोरण होते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ‘बायरॅक’ या संस्थेमार्फत चाचण्यांसाठी अर्थसाहाय्य दिले. २०२१ मध्ये हैदराबादच्या लॉरस लॅब्ज या औषधनिर्माण कंपनीने इम्युनोॲक्टमध्ये भागभांडवल घेतले. कंपनीचे उत्पादन केंद्र नवी मुंबई येथे आहे.

उपचाराची कार्यपद्धती

नेक्सकार-१९ चे शास्त्रीय नाव टॅलिकॅब्टाजीन ऑटोल्युसेल असे आहे. बी पेशींच्या पृष्ठभागावरील ‘सीडी-१९’ हे प्रथिन तिचे लक्ष्य आहे. उपचाराचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात:

१. रुग्णालयात यंत्राच्या साहाय्याने रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या जातात व उर्वरित रक्त पुन्हा शरीरात सोडले जाते.
२. उत्पादन केंद्रात टी पेशी उद्दीपित करून, निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरसच्या साहाय्याने त्यांत ग्राहीचे जनुक घातले जाते.
३. बदललेल्या पेशींची संख्या वाढवून, त्यांची शुद्धता तपासून त्या गोठवल्या जातात व रुग्णालयाकडे पाठविल्या जातात.
४. रुग्णाला काही दिवस केमोथेरपी देऊन शरीरातील मूळच्या लसीका पेशी कमी केल्या जातात. त्यानंतर नव्या पेशी सलाइनप्रमाणे शिरेतून दिल्या जातात.

हे औषध सामान्यतः एकदाच द्यावे लागते. शरीरात गेल्यावर या पेशींची संख्या वाढत जाते, म्हणून तिला ‘जिवंत औषध’ असेही म्हणतात.

परदेशातील प्रारंभीच्या उपचारपद्धतींत ग्राहीचा लक्ष्य ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. नेक्सकार-१९ मध्ये हा भाग मानवी प्रथिनाशी मिळताजुळता करण्यात आला आहे. दुष्परिणाम सौम्य राहावेत, हा त्यामागील एक उद्देश होता.

चाचण्या व मान्यता

या उपचारपद्धतीचा पहिला रुग्णावरील प्रयोग ४ जून २०२१ रोजी खारघर येथील ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियल सेंटरच्या संस्थेत झाला. प्रौढांच्या चाचण्यांत हसमुख जैन व बालरुग्णांच्या चाचण्यांत गौरव नरुला या डॉक्टरांचा प्रमुख सहभाग होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मान्यता दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचारपद्धतीचे लोकार्पण झाले.

चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चाचण्यांत एकूण ६४ रुग्ण होते. ज्यांच्या बाबतीत परिणामकारकता मोजता आली, त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचाराला प्रतिसाद दिसून आला. हे सर्व रुग्ण आधीच्या उपचारांना दाद न देणारे अथवा रोग उलटलेले होते. प्रतिसाद याचा अर्थ रोग पूर्णतः नाहीसा झाला वा कायमचा बरा झाला असा होत नाही. काही रुग्णांत रोग पुन्हा उद्भवू शकतो.

किंमत

मान्यतेनंतर नेक्सकार-१९ चा खर्च सुमारे ४० लाख रुपयांच्या घरात असल्याचे प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील दराच्या तुलनेत तो बराच कमी असला, तरी सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच राहतो. गोळ्या किंवा इंजेक्शनांप्रमाणे या औषधाचे घाऊक उत्पादन होऊ शकत नाही. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशींपासून स्वतंत्र औषध तयार करावे लागते व त्याच्या सर्व तपासण्याही स्वतंत्र कराव्या लागतात. विषाणूसारखा खर्चिक घटक देशात तयार केल्याने किंमत उतरली, परंतु खर्चाचा हा भाग कायम राहतो.

मर्यादा व दुष्परिणाम

प्रारंभीची मान्यता १५ वर्षे व त्यावरील वयाच्या, बी पेशींचा लिम्फोमा किंवा तीव्र लसीकापेशी रक्तकर्करोग उलटलेल्या रुग्णांपुरती होती. यांपैकी दुसरा आजार प्रामुख्याने लहान मुलांमध्ये आढळत असल्याने बालरुग्णांवरील चाचण्यांना विशेष महत्त्व आहे.

उपचारानंतर तीव्र ताप, रक्तदाब घटणे अशी लक्षणे असलेला ‘सायटोकाइन रिलीज सिंड्रोम’ उद्भवू शकतो. रक्तपेशींचे प्रमाणही घटते. सीडी-१९ हे प्रथिन निरोगी बी पेशींवरही असल्याने त्याही नष्ट होतात व संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे काही आठवडे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली राहणे आवश्यक असते. नाशिक, धुळे, जळगाव यांसारख्या ठिकाणांहून मोठ्या शहरात उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबांना औषधाखेरीज निवास व प्रवासाचा भारही सोसावा लागतो.

स्तन, फुप्फुस, तोंड अशा अवयवांच्या कर्करोगावर नेक्सकार-१९ उपयोगी नाही. अशा गाठींतील सर्व पेशींवर सारखे आणि निरोगी पेशींवर नसलेले लक्ष्य सापडणे अवघड असते. शिवाय गाठीच्या आतील परिस्थिती टी पेशींना निष्प्रभ करते.

पुढील संशोधन

मल्टिपल मायलोमा या आजारासाठी ‘बीसीएमए’ या प्रथिनाला लक्ष्य करणारी उपचारपद्धती कंपनी विकसित करत आहे. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या इम्युनील थेरप्युटिक्स या कंपनीची ‘कार्टेमी’ ही उपचारपद्धतीही भारतात उपलब्ध झाली.