मधुमेही पायावर कुष्ठरोगाचे ऋण

मधुमेहात पाय बधिर होतात, ही नोंद जुनी आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची आग आणि बधिरपणा ही दोन्ही येतात. युरोपात मज्जातंतूंच्या बिघाडातून मधुमेह होतो अशी समजूत होती. 1864 मध्ये फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्व्ही यांनी ती उलटी करून मधुमेहानेच मज्जातंतू बिघडतात असे मांडले. 1922 मध्ये इन्सुलिन आले, रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले आणि हा बिघाड दवाखान्यांत नित्याचा झाला. सर्वांत लांब तंतू पावलांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुधा तिथेच होते: आधी मुंग्या, रात्रीची आग, आणि पुढे काहीच जाणवेनासे होते. आग थांबली म्हणून रुग्णाला बरे वाटते. खरा धोका तेव्हाच असतो. तळव्याला जखम झाली की ‘साखरेची जखम भरत नाही’ असे धरले जाई आणि अनेकदा पाय कापण्यापर्यंत वेळ येई.

या समजुतीला तडा गेला तो कुष्ठरोगाच्या दवाखान्यात. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात 1914 मध्ये जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते, असे तेव्हा डॉक्टरही मानत. एकदा गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली झटक्यात फिरवली. त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. अशा निरीक्षणांतून ब्रँड यांचा निष्कर्ष पक्का झाला: हे मांस इतरांसारखेच भरून येते, नाहीशी झालेली असते ती वेदना. धडधाकट माणूस पाय दुखू लागला की नकळत भार बदलतो, लंगडतो. बधिर पाय त्याच जागेवर हजारो वेळा दाबला जातो. तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि मग जखम फुटते.

म्हणून औषधापेक्षा भार काढणे महत्त्वाचे ठरले. पायाला नेमके बसणारे प्लास्टर घातले की दाब सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. सिलोन आणि भारतात कुष्ठरुग्णांसाठी ही पद्धत 1930 च्या दशकापासून होती. जखम भरल्यावर चप्पल हवी. वेल्लोरला बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा थर आणि खाली टणक तळ अशी चप्पल घडवली गेली. तिला खिळे चालत नाहीत. वर आलेला खिळा बधिर पायाला कळणारच नाही. महाराष्ट्रातही कुष्ठरुग्णांना मिळणाऱ्या ‘एमसीआर’ चपला याच रबराच्या.

1966 मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच प्लास्टर, हीच पादत्राणे मधुमेहींच्या कामी आली. न भरणाऱ्या म्हणून सोडून दिलेल्या कित्येक जखमा काही आठवड्यांत भरल्या. अर्थात रक्तपुरवठा पुरेसा असेल तरच; तो तुटला असेल तर प्लास्टरचा उपयोग नाही. बधिरपणा मोजण्याची रीतही कारव्हिलनेच रुळवली. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवतात. तो कळला नाही तर पायाचे संरक्षण गेले असे समजतात.

साखर आटोक्यात ठेवल्याने बिघाड टळतो, हे मात्र 1993 मध्ये सिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या 1,441 रुग्णांच्या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतूंचा विकार सुमारे 60 टक्क्यांनी घटला. एकदा गेलेली संवेदना मात्र सहसा परतत नाही. अशा रुग्णाने तळवा रोज पाहायचा, चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा, पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायचे आणि घट्टा घरी ब्लेडने कापायचा नाही.